बोटांच्या बेचक्यातून आलेला ताप

जुलैचा दुसरा आठवडा, सिंधुदुर्गात भाताची लावणी ऐन भरात. छप्पन्न वर्षांच्या एक काकी पुतण्याच्या रिक्षातून आमच्याकडे आल्या. अंगात तीन दिवसांचा ताप होता आणि उजव्या पायावर घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत काव, म्हणजे लाल माती, फासलेली होती. घरच्यांनी धावरं (कातडी लाल होऊन सुजण्याचा आजार) धरलं होतं, आणि धावऱ्याला काव लावायची जुनी रीत आहे. (काकींची ओळख पटू नये म्हणून घरचे आणि गावचे तपशील बदलले आहेत.)

त्यांची तक्रार पायाची नव्हतीच. "पाय दुखना नाय, पण ताप काय उतरना नाय," असं त्यांचं म्हणणं. ताप १०२, नाडी मिनिटाला ११२, रक्तदाब १०८/७०. बोट टोचून पाहिलेली साखर ३६८. मधुमेह आठ वर्षांपासूनचा.

कोकणात पावसाळ्यात शेतात राबणारं माणूस थंडी वाजून ताप घेऊन आलं की डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येतं लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचं, दुसरं स्क्रब टायफसचं. दोन्ही आजार जीवघेणे ठरू शकतात, म्हणून ती शंका आधी फेडावी लागते. काकींचे डोळे लाल नव्हते, कावीळ नव्हती, डावी पोटरी दाबल्यावर कळ येत नव्हती, लघवी होत होती, प्लेटलेट्स व्यवस्थित होत्या. स्क्रब टायफसमध्ये बारीक किडा चावलेल्या जागी काळी खपली धरते. ती काखेत, जांघेत, छातीच्या घडीत, परकराच्या नाडीखाली अशा झाकलेल्या जागी असते आणि शोधल्याशिवाय दिसत नाही. म्हणून पडदा ओढून, सिस्टरांना सोबत घेऊन काकींना नखशिखांत तपासलं.

खपली सापडली नाही. सापडलं ते दुसरंच. परकराची नाडी बसते त्या रेघेवर कमरेभोवती आणि दोन्ही जांघांत गजकर्णाचे तळहाताएवढे चट्टे होते. नेहमीच्या गजकर्णात कड उठावदार असते आणि मधला भाग निवळलेला असतो. इथे वलयात वलय होतं, कडा पुसट झाल्या होत्या आणि मधली कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ, त्यावर जांभळट ताणाच्या रेघा. बाळंतपणाच्या खुणा पोटावर असतात, जांघेच्या आत अशा ताज्या जांभळ्या रेघा येत नाहीत. ही खूण स्टिरॉइडच्या मलमाची.

मग पायाकडे वळलो. काव आधी साबण-पाण्याने धुऊन काढावी लागली, कारण लाल मातीखाली लाल कातडी कुठे संपते ते कळत नव्हतं. धुतल्यावर चित्र स्पष्ट झालं. नडगीवर गरम, चकचकीत लाली, बोट दाबलं की खड्डा पडणारी सूज, जांघेत दुखरी गाठ. एकाच पायाला, अचानक, तापासह. हा सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या खालच्या थराला झालेला जंतुसंसर्ग. दोन्ही पाय एकदम सुजून लाल झाले असते तर मी आधी हृदय, मूत्रपिंड आणि शिरांकडे पाहिलं असतं. सेल्युलायटिस सहसा दोन्ही पायांना एकत्र होत नाही. पोटरीच्या शिरेत गुठळी नाही ना, यासाठी डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करून घेतला. गुठळी नव्हती.

या टप्प्यावर अनेक ठिकाणी तपासणी थांबते. निदान झालं, सलाइन लागलं, अँटिबायोटिक सुरू झालं. काकींच्या बाबतीत मागच्या वर्षी नेमकं असंच झालं होतं. त्यांनीच सांगितलं की मागच्या लावणीलाही हाच पाय असाच सुजला होता. दुसरीकडे चार-पाच दिवस इंजेक्शनं घेतली, पाय उतरला, घरी गेल्या. त्या वेळी पायाची बोटं कुणी फाकवून पाहिली का, असं विचारल्यावर त्यांनी मान हलवली. नाही.

मी बोटं फाकवली. उजव्या पायाच्या करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधल्या बेचक्यात कातडी पांढरीफटक, पाण्यात दिवसभर राहिल्यासारखी फुगलेली. तिचा पापुद्रा बाजूला केल्यावर खाली लालभडक ओली भेग. वास येत होता. डाव्या पायालाही तेच, थोडं कमी. अंगठ्याचं नख जाड, पिवळं, भुरभुरीत. या चिखल्या त्यांना दर पावसाळ्यात होतात; मेंदीचा पाला वाटून लावला की "बऱ्या वाटतात". भातशेती करणाऱ्या कोकणातल्या कुणालाही चिखल्या नवीन नाहीत, म्हणूनच त्या कुणी डॉक्टरला दाखवत नाही.

काकींच्या तापाचं मूळ तिथे होतं. कातडीचा वरचा मृत थर हा जंतूंना रोखणारा बांध. चिखल्यांमधली बुरशी त्याच थरावर जगते, त्याला पोखरते, आणि त्या ओल्या भेगेत स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस हे जीवाणू वस्तीला येतात. एरवी ते तिथेच राहतात. एखाद्या दिवशी भेगेतून आत शिरतात आणि लसिकावाहिन्यांच्या वाटेने नडगीपर्यंत चढतात. सेल्युलायटिसमध्ये रक्तातून जंतू वाढवून मिळण्याचं प्रमाण अगदी थोडं. बेचक्यातल्या भेगेतून स्ट्रेप्टोकोकस मिळण्याची शक्यता त्यापेक्षा बरीच जास्त. बुरशीजन्य आणि जीवाणूजन्य संसर्ग पाठ्यपुस्तकात दोन वेगळ्या प्रकरणांत असतात. मधुमेही माणसाच्या पायात ते एकाच भेगेत नांदतात, आणि एकावर उपचार करून दुसऱ्याला तसंच ठेवलं की पुढच्या पावसाळ्याची तारीख आपणच ठरवून देतो. मी हे प्रकरण लिहायला घेतलं ते एवढ्यासाठीच.

बेचक्यातला पापुद्रा काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं. त्याने कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे तंतू उघडे पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पडदे असलेले, फाटे फुटलेले तंतू स्वच्छ दिसले. वुड्स लॅम्प या अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली प्रवाळासारखी लाल चमक दिसली नाही. ती दिसली असती तर बेचक्यातला त्रास बुरशीचा नसून एरिथ्रॅस्मा नावाच्या जीवाणूजन्य आजाराचा असू शकला असता. तो दिसायला चिखल्यांसारखाच, पण बुरशीच्या मलमाऐवजी क्लिंडामायसिनसारख्या अँटिबायोटिक मलमाने बरा होतो. मधुमेहात तोही वारंवार भेटतो. वासासोबत बेचक्यात हिरवट छटाही असती तर स्यूडोमोनास या जीवाणूचा विचार करावा लागला असता, आणि मग अँटिबायोटिकची निवडच बदलली असती. ही तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते, आणि ती न करता दिलेली मलमं अंदाजपंचे असतात.

पाय न दुखण्याचं उत्तर मोनोफिलामेंटने दिलं. हा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, दहा ग्रॅमचा भार पडतो. काकींना दोन्ही तळव्यांवर बहुतेक ठिकाणी तो जाणवला नाही. अंगठ्यावर ठेवलेल्या ट्यूनिंग फोर्कचा कंपही नाही. मज्जातंतू बधिर झाले होते. पायाच्या दोन्ही नाड्या मात्र छान लागत होत्या, ही मोठी जमेची बाजू. रक्तपुरवठा चांगला असेल तर भेग भरून येते.

बधिरपणाचा आणखी एक धोका असतो. "दुखत नाही" या शब्दावर विसंबता येत नाही. सेल्युलायटिस आणखी खोल उतरून स्नायूंवरच्या आवरणात पसरला, तर कातडी जांभळी-काळी पडते, पाण्याचे फोड येतात, दाबल्यावर कुरकुर लागते आणि माणूस काही तासांत ढासळतो. त्याला शस्त्रक्रिया लागते, तीही ताबडतोब. चांगल्या संवेदनेच्या माणसात असह्य वेदना ही त्याची पहिली हाक असते. काकींच्या बाबतीत ती हाक ऐकू येण्याची खात्री नव्हती, म्हणून लालीची कड बॉलपेनने आखली, शेजारी वेळ लिहिली आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना सांगितलं की दर चार तासांनी रेघ पाहा, फोड पाहा, रंग पाहा. पेशंट काय म्हणते यावर थांबू नका.

रक्तात पांढऱ्या पेशी १७,४००, क्रिएटिनिन १.३, लघवीत कीटोन नाहीत. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, १०.९ टक्के.

हा शेवटचा आकडा खटकला. वर्षभरापूर्वीचा रिपोर्ट त्यांच्या पिशवीत होता, त्यात ७.८. एवढी चढ का झाली ते कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला. ताप थोडा उतरला होता, सिस्टर केस विंचरून देत होत्या, आणि सगळी हकीकत काकींनी मला नाही, त्यांना सांगितली.

गणपतीनंतर त्या मुंबईला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. तिथे साखर थोडी वाढलेली दिसली म्हणून डॉक्टरांनी एक नवीन गोळी जोडली. चिठ्ठी पाहिली, डापाग्लिफ्लोझिन. ही चांगली गोळी आहे. हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींना तिचा फायदा होतो, आणि जेनेरिक रूपात मिळू लागल्यापासून आपल्याकडे ती स्वस्तही झाली. पण ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते, आणि त्या साखरेवर कॅन्डिडा नावाची बुरशी गुप्तांगाशी फोफावते. बायकांमध्ये हे बऱ्यापैकी होतं, पुरुषांमध्येही होतं. काकींना महिन्याभरात खाज सुटली, पांढरा स्राव सुरू झाला. मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात हे कुणाला सांगणार? ही गोळी घेतल्यापासून झालं एवढं त्यांनी बरोबर ताडलं, आणि ती बंद केली. कोणती नवी, कोणती जुनी हे नक्की कळेना म्हणून मधुमेहाच्या सगळ्याच बंद केल्या. गावी परतल्या तेव्हा मधुमेहाचं औषध शून्य होतं.

गोळी लिहिताना दोन वाक्यं सांगायला हवी होती. खाली खाज येऊ शकते, लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करा, त्रास झाला तर लाजू नका, त्यावर साधा उपाय आहे. ही वाक्यं पुरुष डॉक्टरांना अवघड वाटत असतील तर सिस्टरांकडून सांगवून घ्यावीत. पण सांगितलीच पाहिजेत, कारण न सांगितल्याची किंमत काकींनी भरली.

कमरेच्या गजकर्णाची कथा वेगळ्या वाटेने तिथेच येते. नातवाला आधी झालं, मग सुनेला, मग काकींना. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चिठ्ठीची गरज पडली नाही. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं एक औषध, एक-दोन अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल. हे शेवटचं नाव सर्वांत ताकदवान स्टिरॉइड मलमांमध्ये मोडतं. पहिल्या रात्री खाज थांबते, आठवड्यात लाली जाते, म्हणून माणसाला औषध लागू पडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात स्टिरॉइडने कातडीची प्रतिकारशक्ती दाबलेली असते आणि बुरशी निवांत पसरत असते. ट्यूब थांबवली की दुप्पट उसळते. मग पुन्हा ट्यूब. ती पुरेना तेव्हा काकी एका ठिकाणी खाजेचं इंजेक्शन घ्यायला लागल्या, दर पंधरा-वीस दिवसांनी. बाटलीवरचं नाव त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण इंजेक्शन घेतल्यावर दोन-तीन दिवस खूप तहान लागायची आणि रात्री चार-चार वेळा उठावं लागायचं, हे त्यांना आठवत होतं. ते वर्णन स्टिरॉइडने उसळलेल्या साखरेचं आहे.

२०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल 'एच'मध्ये घातली. म्हणजे कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बरीच वर्षं रेटा लावला होता. तरी गावोगावच्या काउंटरवर "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की तीच निघते. याचा मला राग येतो, आणि तो राग काउंटरमागच्या पोरावर काढून उपयोग नाही हेही दिसतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या आम्हा डॉक्टरांनीही हीच ट्यूब वर्षानुवर्षं लिहिली, लोक तिथूनच शिकले.

गजकर्ण आता पूर्वीसारखं राहिलं नाही, हेही खरं. आपल्याकडे पसरलेल्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं स्वतंत्र नाव मिळालं. टर्बिनाफिन ज्या विकरावर घाव घालतं, त्याच विकराच्या जनुकात तिने बदल करून घेतला आहे, त्यामुळे हे हुकमी औषध अनेकांत लागू पडत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांत तिची नोंद झाली तेव्हा अमेरिकेत बातम्या आल्या. आपल्या ओपीडीत ती त्याच्या कितीतरी आधीपासून रोज समोर बसते.

उपचारांचा क्रम असा ठेवला. सेल्युलायटिसला शिरेतून सेफाझोलिन. लेप्टोची तपासणी पहिल्या आठवड्यात खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून खात्री होईपर्यंत डॉक्सीसायक्लिनही जोडलं. पुढे लेप्टो आणि स्क्रब टायफस या दोन्हींच्या तपासण्या निगेटिव्ह आल्यावर ते थांबवलं. पाय दोन उशांवर, हृदयाच्या पातळीहून वर. हा फुकटचा उपाय औषधाइतकाच महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. पाय खाटेवरून लोंबता ठेवून बसलं तर सूज उतरत नाही, आणि मग औषध बदलावंसं वाटतं. काकींना बसून राहायची सवय, त्यामुळे उशा सारख्या परत लावाव्या लागल्या.

साखरेसाठी इन्सुलिन. जेवणाआधी साधं, रात्री लांब पल्ल्याचं. साखर फार चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत नीट पोचत नाहीत आणि पोचल्या तरी त्यांना नीट गिळत नाहीत. उलट संसर्ग स्वतः साखर चढवतो. दोन्हींना एकदम धरावं लागतं. "एकदा सुई लागली की सुटत नाही" हे काकींच्या जावेने खाटेशी उभं राहून सांगितलंच. त्यांना तिथेच उत्तर दिलं की हे आजारापुरतं आहे, पाय उतरला की मात्रा कमी करत नेऊ. झालंही तसं.

डापाग्लिफ्लोझिन पुन्हा सुरू केलं नाही. ताप, उपास, ओकारी अशा काळात त्या गटातली गोळी थांबवायचीच असते, कारण साखर फार चढलेली नसतानाही रक्त आम्ल होण्याचा धोका असतो. मुंबईच्या डॉक्टरांनाही हा नियम माहीत असेल; काकींना माहीत नव्हता.

कॅन्डिडासाठी फ्लुकोनाझोलची एक गोळी हा सोपा मार्ग. पण त्या जुन्या चिठ्ठीप्रमाणे ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी परत सुरू करायची होती, आणि फ्लुकोनाझोल शरीरात ग्लिमेपिराइड साठवून ठेवतं. साखर एकदम खाली जाऊ शकते, तेही घरी, रात्री. म्हणून क्लोट्रिमाझोलच्या योनिमार्गात ठेवायच्या गोळ्या सहा रात्री दिल्या. सिस्टरांनी त्या कशा ठेवायच्या ते समजावलं.

बेचक्यांत टर्बिनाफिनचं मलम, दिवसातून दोनदा, दोन्ही पायांच्या सगळ्या बेचक्यांत, फक्त दुखऱ्या जागी नाही. इथे काकींकडून एक गोष्ट कळली. सुरुवातीचे दोन दिवस भेग झिरपत होती म्हणून पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात भिजवलेली कापडाची घडी थोडा वेळ ठेवायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, घरी गेल्यावर गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसेन, बरं वाटतं. बधिर पायाला पाणी किती गरम ते कळत नाही. भाजलेलं दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर दिसतं. आणि भिजलेली कातडी पुन्हा फुगते. कोकणात टाचेच्या भेगांत कोकमतेल वितळवून सोडतात, त्यातही हाच धोका आहे. तेल चांगलं, गरम तेल नाही. म्हणून ठरलं की पाय धुवायचे, बुडवायचे नाहीत, आणि पाणी सुनेने हात घालून पाहायचं.

तिसऱ्या दिवशी मुंबईहून मुलाचा फोन. कुणीतरी त्याला "आईला बुरशी झाली" असं कळवलं होतं आणि तो रडकुंडीला आला होता. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याच्या शेजारच्या एका माणसाचा डोळा म्युकरमायकोसिसने काढावा लागला होता. तो घाबरला यात नवल नव्हतं, आणि त्याच्या भीतीत थोडं तथ्यही होतं. तीही बुरशीच, तिलाही चढलेली साखर आणि स्टिरॉइड मानवतात. पण ती नाकातून, सायनसमधून शिरते आणि रक्तवाहिन्या बंद करत जाते, म्हणून ऊतक काळं पडतं. पायाच्या बोटांतली बुरशी कातडीच्या मेलेल्या थराखाली उतरत नाही. तिचं काम जंतूंना खोलवर वाट करून देण्याचं. त्याला सगळं समजावून सांगितलं, आणि तो शांत झाल्यावर आईच्या गोळ्या का बंद पडल्या तेही सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग त्याने विचारलं, ग्लुकोमीटर कोणता घेऊ.

लाली पेनाच्या रेघेच्या आत आली ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. पहिल्या चोवीस तासांत ती रेघेच्या बोटभर बाहेर गेली होती. असं होऊ शकतं. जंतू मेल्यावरही दाह काही तास वाढत राहतो. ताप, नाडी आणि एकंदर तब्येत सुधारत असेल तर एवढ्यावरून औषध बदलायची घाई करू नये. पाचव्या दिवशी सलाइन काढून सेफालेक्सिनच्या गोळ्या दिल्या आणि सातव्या दिवशी काकी घरी गेल्या. नडगीची कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटत होती, ते चांगलं लक्षण.

गजकर्णाचा मुख्य उपचार नंतर सुरू केला. इट्राकोनाझोल, तेही पूर्वतयारीनंतर. हृदय अशक्त असेल तर हे औषध देत नाहीत, म्हणून इसीजी आणि विचारपूस. यकृताच्या तपासण्या. त्या कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन घेत होत्या, इट्राकोनाझोलमुळे त्याची रक्तातली पातळी चढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते, म्हणून तेवढ्या काळापुरतं रोसुव्हास्टॅटिन. आणि "ॲसिडिटीची गोळी" म्हणून रोज सकाळी चाललेलं पॅन्टोप्राझोल बंद, कारण पोटात आम्ल नसेल तर इट्राकोनाझोलची कॅप्सूल नीट शोषली जात नाही. ती भरल्या पोटी घ्यायची. काही लोकांना औषध लागू का पडत नाही याचं उत्तर कधी कधी बुरशीच्या जनुकात नसतं, सकाळच्या त्या दुसऱ्या गोळीत असतं. हे वाचून कुणी स्वतःच इट्राकोनाझोल आणू नये. मधुमेहाच्या औषधांच्या गर्दीत ते आपल्या मनाने घ्यायचं औषध नव्हे.

ट्यूब बंद केल्यावर दहा-बारा दिवस चट्टे भडकणार, खाज वाढणार, हे काकींना आणि सुनेला आधीच सांगून ठेवलं. भडकलेच. सुनेचा फोन आला, पण तक्रारीचा नव्हता: "तुम्ही सांगितलात तसाच झाला, ट्यूब नाय लावली." सुनेला आणि सात वर्षांच्या नातवालाही तपासलं, दोघांवरही उपचार केले. घरातला एक जण राहिला तर बुरशी पुन्हा फिरून येते. टॉवेल वेगळे. कपडे उन्हात वाळवा असं पाठ्यपुस्तकात असतं, पण जुलैच्या कोकणात ऊन आणायचं कुठून? चुलीशेजारच्या वलणीवर कपडे दमट राहतात. मार्ग सुनेनेच काढला. परकराची नाडीची पट्टी, आतले कपडे आणि नातवाच्या चड्डीची शिवण इस्त्रीने कडक करून घ्यायची. वीज असेल तेव्हा.

लावणीचा प्रश्न सर्वांत अवघड. पाच-सहा आठवडे चिखलात उतरू नका म्हटल्यावर काकींनी माझ्याकडे पाहिलं. "लावणी माझ्यासाठी थांबतली काय?" गमबूट सुचवणं सोपं. लावणीत गमबूट चिखलात रुततात, वरून पाणी शिरतं आणि दिवसभर पाय त्याच पाण्यात शिजतो. त्या वर्षीची लावणी जावेने आणि सुनेने उरकली, काकी घरी नातवाला आणि चुलीला. पुढच्या वर्षीसाठी मात्र आम्ही बसून ठरवलं. चिखलातलं काम अर्ध्या दिवसाचं. घरी आल्यावर साबणाने पाय, सुती कापडाने प्रत्येक बेचकं वेगळं टिपायचं, मग मलम, आणि रात्री बोटांमध्ये गॉजची पट्टी. भेग दिसली किंवा वास आला तर त्याच दिवशी काम बंद. बधिर पायाला भेग जाणवणार नाही, म्हणून रोज सुनेने टॉर्च घेऊन पाहायचं. सुनेला हे काम सांगताना मला थोडा संकोच वाटला; तिच्यावर आधीच घरभराचं ओझं आहे. तिने होकार दिला.

सेल्युलायटिस वारंवार होणाऱ्यांना पेनिसिलिनची कमी मात्रा दीर्घकाळ देण्याचाही पर्याय असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत वर्षभर पेनिसिलिन घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना आजार उलटला, न घेणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांना. पण गोळ्या थांबल्यावर तो फायदा टिकला नाही. काकींच्या पायातलं कारण दिसत होतं आणि दूर करता येण्यासारखं होतं, म्हणून तो पर्याय राखून ठेवला. त्यांना तिसऱ्यांदा झालं असतं तर मी तो वापरला असता.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.२, सहा महिन्यांनी ७.५. इन्सुलिन दिवाळीच्या सुमारास सुटलं. कमरेची कातडी निवळली. जांभळ्या रेघा फिक्या झाल्या, त्या पूर्ण जाणार नाहीत. पुढच्या जुलैत लावणीच्या आठव्या दिवशी काकी स्वतःहून आल्या, ताप नसताना, सूज नसताना. डाव्या पायाचं बेचकं पांढरं पडू लागलं होतं, सुनेला टॉर्चमध्ये दिसलं. मलम वाढवलं, चार दिवस चिखल बंद. पाय सुजला नाही.

अंगठ्याचं नख अजून बुरशी धरून आहे. पायाचं नख पूर्ण बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, आणि तोवर तिथून बेचक्यांत बुरशी परत येऊ शकते. दर भेटीला दोन्ही पायांची आठही बेचकी फाकवून पाहते, मग साखरेची वही उघडते.